कागदावर स्ट्रॅथ, नकाशावर ड्युरिनिश : स्काय बेटावरचे जुने पॅरिश आणि गावांची नावं

मंदार_इन्व्हर्नेस

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं झाली, स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हर्नेसमध्ये राहतोय. शेजारी एक आजी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांची पणजी स्काय बेटावरची. घरात एवढंच सांगत आले होते, गाव कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या नातवाने १८५१ च्या जनगणनेतली नोंद शोधून काढली. त्यात पणजी सहा वर्षांची आहे, गाव 'बोररेग' आणि पॅरिश 'स्ट्रॅथ'.

नकाशात बोररेग लगेच सापडलं. बेटाच्या वायव्येला, डनव्हेगनच्या किल्ल्यापलीकडे. मे महिन्यात आजींना घेऊन गेलो. मॅकक्रिमन हे मॅक्लाउड सरदारांचे वंशपरंपरागत बॅगपाइपवादक, त्यांची वादनशाळा याच गावात होती. त्यांच्या स्मरणार्थ टेकाडावर दगडांचा उंच बुरूज रचलाय. आजी तिथे बराच वेळ उभ्या होत्या. निघताना चिमूटभर माती रुमालात बांधून घेतली.

घरी आल्यावर कागद पुन्हा नीट पाहिला आणि मन खट्टू झालं. आम्ही गेलो ते बोररेग ड्युरिनिश पॅरिशमध्ये येतं, आणि कागद म्हणतो स्ट्रॅथ. स्ट्रॅथ नावाचं गावही मला नकाशात दिसत नाही.

प्रगणकाने चूक केली असेल का? आणि मुळात हे पॅरिश म्हणजे काय? चर्चचा भाग, की आपल्या तालुक्यासारखं काही? जाणकारांनी सांगावं. आजींना अजून काही बोललो नाही.

पोटोबा

मला तरी चूकच वाटते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा कारकून, इंग्रजीत फॉर्म भरणारा, समोरची माणसं गेलिक, म्हणजे तिथली जुनी भाषा, बोलणारी. काहीतरी ऐकलं, काहीतरी लिहिलं. माझ्या आजोबांचं आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं आहे.

वसईची_पोर

पॅरिशबद्दल मी सांगू शकते. एका चर्चच्या, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या, देखभालीखाली येणारा गावांचा समूह म्हणजे पॅरिश. आमच्या वसईत मराठीत आम्ही त्याला 'धर्मग्राम' म्हणतो. त्याच्या वरचा, बिशपांचा भाग तो 'धर्मप्रांत'. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू सगळं धर्मग्रामाच्या वहीत. माझ्या खापरपणजोबांपर्यंतची नावं मला तिथेच मिळाली.

मांडवीकाठ

गोव्यात आम्ही 'फिर्गज' म्हणतो, पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून. 'तुजी फिर्गज खंयची?' हा प्रश्न जुनी माणसं गावाच्या आधी विचारतात. तेव्हा मंदार, त्या कागदावर गावापेक्षा पॅरिशला जास्त महत्त्व द्या, असं माझं सांगणं.

स्वातीनक्षत्र

मंदार, मी ग्लासगोत राहते. वंशावळी शोधणाऱ्यांना मदत करणाऱ्या एका गटात दर शनिवारी बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रगणकाची चूक नाही. स्कायवर बोररेग दोन आहेत. तुम्ही गेलात ते ड्युरिनिशमधलं. दुसरं बेटाच्या दक्षिणेला, लॉख आयशॉर्ट या खाडीच्या उत्तर किनाऱ्यावर, स्ट्रॅथ पॅरिशमध्ये. ते नकाशात चटकन सापडलं नाही कारण तिथे आज कुणी राहत नाही.

१८५३ च्या सुमारास बोररेग आणि शेजारचं सुइस्निश अशी दोन्ही गावं उठवली गेली. जमीन लॉर्ड मॅकडोनल्डच्या इस्टेटीची, इस्टेट कर्जात बुडालेली, कारभार विश्वस्तांच्या हाती. कुळांपेक्षा मेंढ्यांचं उत्पन्न बरं, हा त्यामागचा हिशेब. आर्किबाल्ड गीकी, जो पुढे मोठा भूगर्भशास्त्रज्ञ झाला, तो तरुणपणी याच भागात फिरत होता. सुइस्निशची माणसं म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीत बसवून, रडत, रस्त्याने चाललेली त्याने स्वतः पाहिली. तो आक्रोश त्याला म्हातारपणीही आठवत होता.

म्हणजे तुमच्या आजींची पणजी १८५१ मध्ये सहा वर्षांची होती, तर आठव्या वर्षाच्या आसपास तिचं गावच गेलं. घरात गावाचं नाव का उरलं नाही याचं कारण बहुधा यातच आहे.

आता पॅरिश. स्कायवर सात होते: दक्षिणेला स्लेट, त्याच्या वर स्ट्रॅथ, पूर्वेला पोर्ट्री, पश्चिमेला ब्रॅकाडेल, वायव्येला ड्युरिनिश, मध्ये-उत्तरेला स्नायझॉर्ट, आणि उत्तर टोकाला किलम्युर. पोर्ट्री त्यातला धाकटा, १७२६ मध्ये वेगळा केलेला. सुरुवात चर्चपासून झाली हे वसईताई म्हणतात ते बरोबरच. पण स्कॉटलंडमध्ये पॅरिशवर पुढे सरकारी कामंही आली. गरिबांना मदत, शाळा, आणि १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची जन्म-मृत्यू नोंदणी, सगळं पॅरिशच्या हद्दीत. १८९४ च्या कायद्याने पॅरिश कौन्सिलं झाली, ती १९३० मध्ये गेली. आता कारभारात पॅरिश उरलेला नाही, पण जुन्या कागदात शिरायचं तर दार तेच.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. स्कायवरच्या चर्चच्या वह्या साधारण १८०० च्या पुढेच सुरू होतात. त्यातच १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली, स्कायचे बहुसंख्य लोक फुटून निघालेल्या फ्री चर्चमध्ये गेले, आणि त्यानंतरचे बाप्तिस्मे जुन्या पॅरिशच्या वहीत सापडेनासे झाले. १८४५ च्या सुमाराला जन्मलेल्या मुलीची नोंद न मिळण्याची शक्यता बरीच आहे. १८५१ ची ती एक ओळ म्हणजे नशीबच.

मंदार_इन्व्हर्नेस

स्वातीताई, वाचून सुन्न झालो. म्हणजे मी आजींना दुसऱ्याच बोररेगला नेलं. रुमालातली माती त्यांनी खिडकीतल्या कुंडीत घातली आहे. आता कसं सांगू?

जुनी_मोडी

सांगा. माती त्याच बेटाची आहे, वाया नाही गेली.

मला यात एक ओळखीची गोष्ट दिसली. कोकणातले सातबारे पाहिलेत का? गावाच्या नावापुढे 'तर्फ अमुक' लिहिलेलं असतं. एका नावाची दोन-तीन गावं जवळजवळ असतात, मग कुठलं, तर अमुक तर्फेतलं. तर्फ ही महसुलाची जुनी पायरी. आज तिचं कचेरी-दप्तर काही नाही, तरी नावाला चिकटून राहिलेली आहे, आणि वारसाहक्काचा कागद काढायला गेलं की तीच उपयोगी पडते. 'बोररेग, पॅरिश स्ट्रॅथ' हे मला सरळ 'बोररेग तर्फ स्ट्रॅथ' असंच वाचता आलं.

पॅरिशचा शब्दकोशातला अर्थ धर्मग्राम असेल. पण जुना कागद वाचताना मी तरी तर्फच म्हणेन.

अक्षरवेल

जुनी_मोडी, वा!

दोन बोररेग का, याचं उत्तर भाषेत आहे. नवव्या शतकापासून नॉर्वेहून आलेले लोक या बेटांवर वसले. १२६६ मध्ये पर्थचा तह होईपर्यंत स्काय नॉर्वेच्या राजाच्या अमलाखाली होतं. त्यांची नावं ठेवायची पद्धत साधी: जागा दिसते कशी ते सांगायचं. शेवटचा 'एग' म्हणजे मूळचा 'विक', लहान उपसागर. आधीचा 'बोर' म्हणजे 'बोर्ग', गढी. गढी आणि तिच्याखाली होडी लावायची जागा असे किनारे बेटावर अनेक, त्यामुळे नावही दोनदा पडलं. आपल्याकडे पिंपळगावं आणि वडगावं किती आहेत!

हे चार-पाच शेपूट शब्द लक्षात ठेवले की स्कायचा नकाशा वाचता येतो.

'निश' म्हणजे 'नेस', समुद्रात घुसलेलं भूशिर. ड्युरिनिश म्हणजे हरणांचं भूशिर, वॉटरनिश पाण्याचं, ट्रॉटरनिश थ्रोंड नावाच्या माणसाचं.

'बॉस्ट' म्हणजे 'बोल्स्ताद', शेतवाडी. कार्बॉस्ट, स्कीबॉस्ट, ऑर्बॉस्ट, कोल्बॉस्ट. आपली 'वाडी'च.

'शेडर' म्हणजे उन्हाळी गुरं चारायची जागा. मॅरिशेडर, एलिशेडर, फ्लॅशेडर.

आणि 'ऑर्ट' म्हणजे फिओर्ड. स्नायझॉर्ट, आयशॉर्ट. नॉर्स, म्हणजे त्या नॉर्वेकरांची भाषा, बोलणारे संपले, गेलिक बोलणाऱ्यांना 'ऑर्ट'चा अर्थ लागेना, म्हणून त्यांनी पुढे 'लॉख' लावलं. लॉख म्हणजे तळं किंवा समुद्राची आत आलेली खाडी. म्हणजे लॉख आयशॉर्ट म्हणजे खाडी आयखाडी. आपण विंध्याचल पर्वत म्हणतो तसंच.

सात पॅरिशांची नावं या दृष्टीने पाहा. स्लेट, स्नायझॉर्ट, ड्युरिनिश नॉर्स मुळाची. ब्रॅकाडेलमधला 'डेल' नॉर्स 'दाल', दरी. स्ट्रॅथ गेलिक, 'स्राथ' म्हणजे रुंद सपाट खोरं. म्हणूनच मंदारला त्या नावाचं गाव सापडत नाही, ते खोऱ्याचं नाव आहे. हा मॅकिनन कुळाचा मुलूख, म्हणून मॅकिननांचं खोरं असंही म्हणत. किलम्युर मात्र चर्चवरून: 'किल्य' म्हणजे चर्च, आणि 'म्होरे' म्हणजे मेरी. सातांपैकी एकाच नावात चर्च आहे. बाकी सगळीकडे जमिनीचं नाव आधी होतं आणि चर्चने ते उचललं. म्हणून धर्मग्राम की तर्फ या प्रश्नात मी जुनी_मोडींच्या बाजूने.

वसईची_पोर

अक्षरवेल, थोडं थांबा. नाव जमिनीचं असलं म्हणून हद्द जमिनीची होते असं नाही. त्या खोऱ्यातल्या माणसांना एकत्र आणणारं काय होतं? रविवार, लग्नं, आणि दफनभूमी. वह्या धर्मगुरूंनी जपल्या म्हणून आज आपण हे बोलतोय. सरकार तर १८५५ मध्ये आलं.

अक्षरवेल

मान्य. माणसांची बाजू मी सोडलीच होती. त्यात भर घालतो: स्कीबॉस्टजवळ नदीतल्या एका छोट्या बेटावर, सेंट कोलंबाच्या नावाने, या सगळ्या द्वीपसमूहाच्या बिशपांचं जुनं मुख्य चर्च होतं. आणि ते बिशप बराच काळ नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या आर्चबिशपांच्या हाताखाली होते. राजकीय सत्ता १२६६ मध्ये गेली, पण चर्चचा हा धागा कागदोपत्री १४७२ पर्यंत टिकला. तुमचा मुद्दा यातून भक्कमच होतो.

पोटोबा

मी चूक म्हणालो होतो ते मागे घेतो. कार्बॉस्टचं नाव निघालं म्हणून सांगतो, कार्बॉस्टही दोन आहेत! एक पश्चिमेला ब्रॅकाडेल पॅरिशमध्ये, जिथे टॅलिस्कर व्हिस्कीची भट्टी १८३० मध्ये मॅकॅस्किल बंधूंनी सुरू केली. दुसरं स्कीबॉस्टच्या जवळ. मित्राने गाडीच्या नकाशात नुसतं 'कार्बॉस्ट' टाकलं आणि आम्ही दुसऱ्याच ठिकाणी पोचलो. तिथे एका बाईंनी हसून रस्ता सांगितला, म्हणाल्या आज तुम्ही तिसरे.

आणि टॅलिस्करची भट्टी टॅलिस्कर गावात नाहीच, ते काही मैल लांब आहे.

नदीकाठचा_पिंपळ

तुम्ही सगळे पोर्ट्रीबद्दल बोललाच नाहीत. तिथल्या गाइडने आम्हाला सांगितलं, १५४० मध्ये राजा पाचवा जेम्स इथे जहाजातून उतरला म्हणून 'राजाचं बंदर'. पाटीवरही गेलिकमध्ये 'पोर्ट री' लिहिलंय, आणि री म्हणजे राजा.

अक्षरवेल

राजा आला होता हे खरं. पण स्थानिक लोकांच्या तोंडातला जुना उच्चार 'राजा'शी जुळत नाही, 'रुइये'शी जुळतो, म्हणजे डोंगराचा उतार. उताराखालचं बंदर. पोर्ट्रीचा नुसता फोटो पाहा, पटेल. मोठा माणूस गावी येऊन गेला की गावाचं नाव त्याच्याकडे ओढलं जातं. आपल्याकडे पांडवांनी आणि रामाने किती गावांना नावं दिली आहेत ते आठवा.

बंदर वाढण्याआधी तिथल्या वस्तीचं नाव किलताराग्लेन होतं, सेंट तालोरकानच्या चर्चवरून. वसईताई, हे तुमच्यासाठी.

वसईची_पोर

घेतलं :)

नदीकाठचा_पिंपळ

उताराचं पटलं, पण राजाची गोष्ट माझ्या मुलीला जास्त आवडली होती. तिला दोन्ही सांगेन.

जुनी_मोडी

अक्षरवेल, नकाशात 'पेन'ने सुरू होणारी नावं दिसतात: पेनमोर, पेनाखॉरन, पेनिफिलर. त्यांचं काय?

अक्षरवेल

हा प्रश्न तुम्हीच विचारणार हे वाटलंच होतं! 'पेयिन' म्हणजे पेनी. जमिनीची जुनी आकारणी चांदीच्या वजनात व्हायची. एक औंस आकाराची जमीन 'तिरुंगा', आणि या पश्चिमेच्या बेटांवर तिचे वीस भाग, प्रत्येक भाग एक पेनीची जमीन. पेनमोर म्हणजे मोठी पेनी-जमीन. पोर्ट्रीसमोरचं पेनिफिलर म्हणजे 'पेयिन नम फीलेर', फिडलवादकांची पेनी-जमीन.

जुनी_मोडी

म्हणजे वाजंत्र्यांचं इनाम! आमच्या गावात देवळातल्या गुरवाची आणि वाजंत्र्यांची जमीन होती, आजही त्या शेताला वाजंत्र्याचं शेत म्हणतात. तिथे आता नवीन घरं झालीत, नाव तेच. पेनिफिलर वाचून आज दिवसभर बरं वाटेल.

घाटमाथा

धागा वाचतोय, छान चाललाय. माझी एक शंका. गेल्या वर्षी ड्युरिनिशमध्ये दोन सपाट माथ्यांचे डोंगर पाहिले, मॅक्लाउडची टेबलं म्हणतात. एक हेलवल मोर, दुसरा हेलवल बेग. मोर म्हणजे मोठा, बेग म्हणजे लहान. पण बेग ४८९ मीटर आणि मोर ४७१ मीटर! नकाशावाल्यांनी पाट्या उलट लावल्या का?

स्वातीनक्षत्र

नाही, नाही. नाव ठेवणाऱ्यांनी उंची मोजून नाव ठेवलं नव्हतं. खालून पाहिलं तर मोरचा माथा जास्त रुंद, जास्त पसरलेला दिसतो. 'मोर' आकाराने मोठा. तिथल्या मेंढपाळाला शिखराच्या मीटरशी काय काम, वर चराई किती आहे ते महत्त्वाचं.

घाटमाथा

पटलं. आमच्याकडे खुर्दची लोकसंख्या बुद्रुकच्या दुप्पट झाली आहे. नाव कोण बदलतंय! बुजुर्ग तो बुद्रुक.

सरळसोट

मंडळी, रागावू नका, पण विचारतो. इतकी नॉर्स-गेलिक नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये मोडतोड करून नकाशावर आली. सर्व्हे करणाऱ्या ब्रिटिश खात्याने हेच आपल्याकडे केलं. मग तिथली इंग्रजी रूपं सरळ काढून टाकून फक्त गेलिक का ठेवत नाहीत? आपण बॉम्बे काढलं तसं.

अक्षरवेल

मी तुमच्याशी अर्धा सहमत. आता स्कायवर रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत, आणि गेलिक रूपं नीट ठरवण्याचं काम 'आन्मन-आइच्य न हाल्ब' ही संस्था करते, जुने कागद आणि स्थानिक उच्चार दोन्ही पाहून. स्लेटमध्ये १९७३ पासून साव्हल मोर ओस्टिग हे गेलिकचं महाविद्यालय आहे, तिथे मुलं याच नावांचा अभ्यास करतात. भाषा जिवंत ठेवायची तर नावं त्या भाषेत दिसायलाच हवीत.

स्वातीनक्षत्र

पाट्यांवर गेलिक वर हवं, मोठं हवं, यात दुमत नाही. पण इंग्रजी रूप पुसू नये. ऑस्ट्रेलिया-कॅनडातून माणसं येतात ती हातात इंग्रजी स्पेलिंगचा कागद घेऊन. १८५२ ते १८५७ या काळात स्थलांतरासाठीच्या एका संस्थेने या डोंगराळ भागातून आणि बेटांवरून जवळपास पाच हजार माणसं ऑस्ट्रेलियाला पाठवली. त्यांच्या वंशजांकडे गेलिक उरलं नाही, फक्त ते वेडंवाकडं स्पेलिंग उरलंय. तोच त्यांचा दोर. तो कापून काय मिळवायचं?

सरळसोट

हे लक्षात आलं नव्हतं. तरी मुख्य नाव गेलिकच असावं, माझं मत कायम.

मांडवीकाठ

दोघांचंही बरोबर. गोव्यात आम्ही पणजी म्हणतो, पणजोबांच्या वहीत 'नोव्हा गोवा' आहे. वही वाचायला दोन्ही लागतात.

मुक्कामपोस्ट

धागा सुंदर आहे, पण आपल्याला या स्कॉटिश बेटाशी काय देणंघेणं, असा विचार मनात आला. कुणी सांगेल का, आपला काही संबंध येतो?

विजयदुर्गकर

येतो, आणि थेट माझ्या गावात येतो.

८ एप्रिल १७८३. 'रेंजर' नावाचं कंपनीचं लढाऊ जहाज मुंबईहून दक्षिणेला निघालं होतं. रत्नागिरीच्या दक्षिणेला मराठा आरमाराशी गाठ पडली. आरमाराचे सरसुभेदार आनंदराव धुळप. खरं तर सालबाईचा तह १७८२ मध्येच झाला होता, पण समुद्रावर तहाची खात्री कोण कुणाला देणार? मोठी लढाई झाली, जहाज पकडून विजयदुर्गात आणलं.

त्या जहाजावर कोण होते? एक कर्नल नॉर्मन मॅक्लाउड, म्हणजे डनव्हेगनच्या किल्ल्याचा मालक, मॅक्लाउड कुळाचा प्रमुख. मंदार, तुम्ही ज्या बोररेगला गेलात ते त्याच्याच मुलखातलं. तो जखमी झाला, पण वाचला. दुसरा कर्नल हंबरस्टन मॅकेन्झी, शेजारच्या लुइस बेटाच्या सीफोर्थ घराण्याचा. तो जखमांनी ३० एप्रिलला विजयदुर्गातच वारला.

आणि नावांचा धागा आहे म्हणून: त्यांच्या कागदांत विजयदुर्ग हे नाव सापडत नाही. तिथे 'घेरिया' आहे. किल्ल्याशेजारचं गाव गिर्ये, त्याचा हा घेरिया. गिर्येच्या शाळेत मी शिकलो. पहिल्यांदा इंग्रजी पुस्तकात 'घेरिया येथे मृत्यू' वाचलं तेव्हा हे माझं गाव आहे हे कळायला मला दोन दिवस लागले. म्हणून मंदारच्या आजींचं मला अगदी आतून कळतंय.

मुक्कामपोस्ट

अंगावर काटा आला. प्रश्न विचारला ते बरं झालं.

जुनी_मोडी

लुइसचं नाव निघालं तर कर्नल कॉलिन मॅकेन्झींना विसरू नका. जन्म लुइसच्या स्टॉर्नोवेचा, १८१५ मध्ये हिंदुस्थानचे पहिले सर्व्हेयर जनरल. दख्खन आणि दक्षिणेतल्या गावोगावच्या कैफियती, म्हणजे गावाची हकिगत, देवळं, वतनं, त्यांनी स्थानिक पंडितांकडून लिहवून घेतल्या, त्यात मराठीही आहेत. त्याच काळात स्कॉटलंडमध्ये सर जॉन सिंक्लेअर यांनी प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याला प्रश्नावली पाठवून पॅरिशची हकिगत मागवली. ती १७९१ ते १७९९ मध्ये छापून निघाली. मंदार, स्ट्रॅथचीही त्यात असणार. ती स्ट्रॅथची कैफियतच समजा.

स्वातीनक्षत्र

आहे. सातही पॅरिशांच्या आहेत, आणि १८३०-४० च्या दशकातली दुसरी फेरीही आहे. दुसरीत तुमच्या बोररेगच्या लोकांच्या शेवटच्या वर्षांचं जगणं कळेल: बटाटा, मासेमारी, समुद्रातलं शेवाळ जाळून राख करण्याचा बुडालेला धंदा.

किनारा

मीही एक भर घालते. किलम्युरही दोन जागी आहे! उत्तर टोकाचं पॅरिश, जिथे फ्लोरा मॅकडोनल्डची, म्हणजे हरलेल्या राजपुत्र चार्ल्सला निसटायला मदत करणाऱ्या बाईची, कबर आहे. आणि डनव्हेगनजवळचं किलम्युर, जिथे ड्युरिनिश पॅरिशचं जुनं चर्च आहे. मेरीचं चर्च कुठेही असू शकतं ना. आम्ही फ्लोराची कबर शोधत दुसरीकडे अर्धा तास फिरलो, पाऊस धो धो.

पोटोबा

किनाराताई, तुमचं किलम्युर, माझं कार्बॉस्ट, मंदारचं बोररेग. स्कायला जाणाऱ्याने खिशात सात पॅरिशांची यादी ठेवावी.

मंदार_इन्व्हर्नेस

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. आजींना सांगितलं. आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'मग बरोबर ठिकाणी जाऊ या.'

गेल्या शनिवारी गेलो. बोररेगला गाडी जात नाही. ब्रॉडफर्डहून टॉरिनच्या रस्त्यावर किल क्रीस्त, म्हणजे ख्रिस्ताचं चर्च, आहे. हेच स्ट्रॅथचं जुनं पॅरिश चर्च. छप्पर नाही, भिंती उभ्या, वेल चढलेली, भोवती थडगी. बहुतेकांवर मॅकिनन. आजी आणि त्यांचा नातू तिथे थांबले, मी एकटा पुढे गेलो. जुन्या संगमरवराच्या खाणींकडे जाणारा छोट्या रेल्वेचा मार्ग होता, आता पायवाट आहे. मग माळ ओलांडून उतार, आणि खाली लॉख आयशॉर्ट.

गाव दिसतं. खरंच दिसतं. पंचवीस-तीस घरांचे चौथरे मी मोजले आणि मग मोजायचं सोडलं. भिंती कमरेएवढ्या, कोपरे गोल, दाराच्या जागा तशाच. घरांभोवतीचं गवत बाकी माळापेक्षा हिरवंगार, पिढ्यान्‌पिढ्या खत घातलेली जमीन आहे ती. आजूबाजूला मेंढ्या. मी प्रत्येक दाराचा फोटो काढला, कारण कुठलं घर त्यांचं हे कळायला मार्ग नाही.

परत आलो तेव्हा आजी चर्चच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. फोटो पाहून झाल्यावर त्यांनी एक गोष्ट विचारली. त्यांची आई लहानपणी एक शब्द म्हणायची, 'म्वींचिर अन त्रा-अ'. गेलिक आजींना येत नाही. आईला आजीकडून आलेले शब्द होते, तिलाही अर्थ नीट माहीत नसावा. घरात कुणी हट्टी वागलं की म्हणायची. अक्षरवेल, तुम्हाला काही लागतंय का?

अक्षरवेल

मंदार, हे वाचून मी खुर्चीतून उठलो.

'म्वींचिर' म्हणजे लोक, माणसं. 'अन त्रा-अ' हे 'स्राथ'चं षष्ठीचं रूप. गेलिकमध्ये अशा जागी नामाच्या आधी 'त' येतो आणि 'स' गिळला जातो. लिहिताना दिसतो, ऐकू येत नाही. म्हणजे 'मुइंतिर अन त्राथा', स्ट्रॅथची माणसं.

तुमच्या आजींच्या घरात पॅरिशचं नाव सगळा वेळ होतं.

स्वातीनक्षत्र

मंदार, आजींच्या पणजीचं पूर्ण नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. १८६१ च्या जनगणनेत 'जन्माचं पॅरिश स्ट्रॅथ' असं लिहिलेली त्या नावाची सोळा वर्षांची मुलगी शोधते. आधी स्लेट आणि पोर्ट्री पाहीन, मग इन्व्हर्नेस.

मंदार_इन्व्हर्नेस

पाठवलं, ताई. नोंदीतलं स्पेलिंग आणि आजी करतात तो उच्चार, दोन्ही लिहिलेत.